भाऊ म्हणून टाका

"हलू नका," मी म्हणाले.

"मी कुठं हलतोय? शेण हलतंय," तोडकर म्हणाले.

मी ओढ्याच्या काठाला करंजाच्या सावलीत पालथी पडले होते. पदर कमरेला खोचलेला, कोपरं मातीत रुतलेली, डोळ्यांना दुर्बीण. समोर कोरडं पात्र, पलीकडे पुरुषभर उंचीची मातीची दरड आणि त्या दरडीत लिंबू जाईल एवढाली भोकं. वेड्या राघूंची घरं होती ती. मे महिना संपत आला होता, रोहिणी नक्षत्र लागलं होतं. आत पिल्लं ओरडत होती आणि आईबाप बाभळीच्या काटकीवर बसून चोचीतला चतुर आपटून आपटून मारत होते. मुठीएवढं हिरवं पाखरू, पण चतुराचे पंख गळून पडेपर्यंत त्याचं समाधान होत नसे. मग भुर्रकन सरळ भोकात. दारात थांबणं नाही, इकडंतिकडं बघणं नाही. मला ते फार आवडायचं.

तोडकर माझ्या मागे चार हातांच्या अंतरावर गुडघे टेकून बसले होते. नाक जवळजवळ शेणाच्या पोवाला टेकलेलं, हातात भिंग.

"चोरी झाली," ते कुजबुजले.

"कुठं?"

"इथंच. या काळ्या शेणकिड्यानं एवढा गोल गोळा केला, ढकलत आणला, आणि आता दुसराच घेऊन चाललाय."

"मग सोडवा भांडण."

"छे. पोस्टातला माणूस मी. माल कुठल्या पत्त्यावर जातो ते बघायचं."

मला हसू आलं, दुर्बीण हलली आणि राघू उडाला. तेवढ्यात वरच्या गाडीवाटेवर राजदूत मोटरसायकलचा आवाज थांबला. मी मान वळवून पाहिलं. आमच्या शाळेच्या चेअरमनांचा पुतण्या प्रल्हाद निकम आणि त्याच्या मागे बसलेला कुणी एक. दोघंही आमच्याकडे बघत होते. तोडकरांनी उठून हात हलवला.

"अहो या की! बघायला या!"

ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. प्रल्हादनं किक मारली आणि धुरळा उडवत गेले. त्या आवाजानं उरलेली पाखरंही पार लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसली. मला राग आला तो पाखरं उडाल्याचा. दुसरं काही माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी, हेमलता देशमाने, त्या वेळी छत्तीस वर्षांची होते. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्न राहून गेलं होतं. त्यात मोठी गोष्ट काही नाही. वडील गेले, भाऊ लहान होता, मग भाऊ मोठा होऊन सैन्यात गेला आणि आरशात पाहिलं तर कानाशी पांढरे केस. शाळा खाजगी संस्थेची. मला अजून कायम केलेलं नव्हतं. दर जूनमध्ये संस्थेच्या बैठकीत माझं नाव निघायचं आणि पुढच्या जूनवर जायचं. यंदा मात्र नक्की, असं मुख्याध्यापिका वाळिंबे बाईंनी स्वतः सांगितलं होतं.

रेवणसिद्ध तोडकर हे गावचे पोस्टमास्तर. पंचेचाळिशीचे, विधुर, एकुलत्या मुलीचं लग्न आदल्या वर्षीच उरकलेलं. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा. माझी त्यांची ओळख त्या दुर्बिणीमुळेच झाली. भावानं पठाणकोटहून ती पाठवली होती आणि पार्सल वाटेत फाटलं होतं, म्हणून पोस्टमनच्या हाती न देता ते स्वतः घेऊन आले.

"आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही," ते दारात उभं राहून म्हणाले. "म्हणजे दिसलं, पण पाहिलेलं नाही."

मी त्यांच्यासमोरच कापड उसवलं. मग परसात नेऊन तगरीवर लोंबणारं शिंजिराचं घरटं त्यांना दुर्बिणीतून दाखवायला गेले. त्यांनी चष्म्यासकट बघितलं, चष्मा काढून बघितलं, दुर्बीण उलटी धरून बघितलं.

"मला ढग दिसतोय," ते म्हणाले. "हिरवा ढग."

आणि मग, परत द्यायला म्हणून दुर्बीण खाली घेतली तेव्हा, त्यांची नजर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली. गजाच्या कोपऱ्यात एक कुंभारीण माशी मातीचं गाडगं बांधत होती. तोडकर खिडकीला नाक लावून उभे राहिले ते हललेच नाहीत. माशी चिखलाची गोळी आणायची, पायांनी लावायची, पुन्हा जायची. मी चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला. शेवटी माशीनं एक हिरवी अळी आणून आत कोंबली.

"मेलेली नाही ती," मी म्हणाले. "नुसती सुन्न केलेली असते. पिल्लाला ताजी लागते."

"तुम्ही पाहिलंय हे?"

"पुस्तकात."

"पुस्तकात," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच खिडकीची लाज वाटली. त्या दिवसापासून ठरून गेलं. मी वर बघायची, ते खाली. मला लांबचं दिसायचं, त्यांना जवळचं. सुट्टी लागल्यावर तर आम्ही रोज सकाळी, पोस्ट उघडायच्या आधी, ओढ्यावर जायला लागलो. मी मागच्या बोळातून जायची, ते पोस्टाकडून यायचे. लपायचं म्हणून नव्हे, तीच वाट ज्याला त्याला जवळची होती. टिटवीची अंडी मी खड्यांमध्ये शोधली, तेव्हा ती दाखवायला मला त्यांचा हात धरून बोट टेकवावं लागलं, नाहीतर त्यांनी पाय दिला असता. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसणारा किडा त्यांनी मला दाखवला, आणि मी सबंध सकाळ एक पाखरूही न बघता त्या खड्ड्याशी बसले.

राजदूतच्या त्या प्रसंगानंतर दोन-तीन दिवसांतच माझी घरमालकीण सोनाक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, एक बोलू का? राग येईल."

"बोला."

"लोकं बोलायला लागल्यात."

"काय?"

"आता काय सांगू? वड्यात बाई झोपली हुती म्हनत्यात. आन मास्तर रांगत हुतं."

मी खदखदून हसले. सोनाक्का हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटून तिनं हात पुसला.

"हसू नगासा. मी बघितलंय तुमास्नी. परसात दोघं मिळून माशी बघत हुता. माझ्या मनात काय न्हाई. पर गावाला माशी दिसत न्हाई, बाई. गावाला तुमी दोघंच दिसता."

शाळा सुरू व्हायच्या आधी मी वर्ग झाडून घ्यायला गेले, तेव्हा फाटकाशेजारच्या भिंतीवर कोळशानं एक बाई काढलेली होती, डोळ्यांच्या जागी दोन मोठ्या नळ्या. खाली लिहिलेलं मी इथं सांगत नाही. शिपाई पाण्याची बादली घेऊन धावत आला. "राहू दे," मी म्हणाले. त्यानं ऐकलं नाही, पुसलं. कोळसा पसरून सगळी भिंत काळी झाली.

त्याच आठवड्यात वाळिंबे बाईंचा निरोप आला. बैठक आहे, पाच मिनिटं येऊन जा.

बैठक मुख्याध्यापिकांच्या खोलीतच होती. चेअरमन दादासाहेब निकम, त्यांचं बाजारात कापडाचं मोठं दुकान. बाजूला गोसावी वकील. वाळिंबे बाई टेबलाच्या कडेला, आपल्याच खोलीत पाहुण्यासारख्या. मला खुर्ची दिली, चहा दिला. चहा दिला तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट ऐकायचं आहे.

"तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही, बाई," दादासाहेब म्हणाले. "मुली तुमचं नाव घेतात."

"मग?"

"मुलींची शाळा आहे. पालकांच्या कानावर जातं. तुम्ही काही वावगं केलंय असं कुणीही म्हणत नाही हं."

"मग काय म्हणतात?"

दादासाहेबांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी घसा साफ केला. "दिसतं कसं, तेही बघावं लागतं. माळावर, एकांतात, तुम्ही जमिनीवर..."

"पालथी पडले होते," मी म्हणाले. "उभं राहिलं की राघू भोकात जात नाहीत. पिल्लं उपाशी राहतात."

वाळिंबे बाईंना खोकला आला.

"आणि पोस्टमास्तर?"

"ते शेणकिडे बघत होते."

गोसावी वकिलांना हसू आवरलं नाही. "बाई, कोर्टात हे टिकेल का? शेणकिडे!"

"हे कोर्ट आहे का?"

"तसं नव्हे..."

"दादासाहेब, उद्या सकाळी सहाला ओढ्यावर या," मी म्हणाले. "वकीलसाहेबांनाही आणा. शेणकिडा गोळा कसा ढकलतो ते दाखवते. मागच्या पायांनी, डोकं खाली करून. एकदा बघितलंत की हसणार नाही."

दादासाहेब हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त हे प्रकरण शाळा सुरू व्हायच्या आत मिटवायचं होतं. ते पुढे झुकले.

"हे बघा, पाखरं बघू नका असं आमचं म्हणणं नाही. किडेही बघा. फक्त लोकांचं तोंड बंद होईल असं काहीतरी करूया. बाई, तुम्हीच सांगा त्यांना," ते वाळिंबे बाईंना म्हणाले.

वाळिंबे बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात उबदार होता. मला आजही आठवतो.

"हेमलता, सोपं आहे ग. शाळा सुरू झाली की पालकांची सभा आहेच. पोस्टमास्तरांना बोलावू. तू सर्वांसमोर दोन शब्द बोल की हे माझे मानलेले भाऊ. पुढे श्रावणात राखीचा कार्यक्रम ठेवू, तू त्यांना राखी बांध. मुलींनाही बरं वाटेल. मग तुम्ही दोघं रोज जा माळावर, कोण विचारतंय? भाऊ म्हणून टाक. विषय मिटला."

"आजच्या बैठकीत तुम्हाला कायम करायचा ठराव आहे," दादासाहेब म्हणाले. "मीच मांडणार आहे. तुम्ही एवढं हो म्हणा, की लगेच मांडतो."

खोलीत पंखा कुरकुरत होता. खरं सांगायचं तर तो शब्द माझ्या तोंडात आला होता. भाऊ. दोन अक्षरं. त्यात खोटंही फारसं काही नव्हतं. आमच्यात त्या दिवसापर्यंत असं काही घडलं नव्हतं की जे मला कुणापुढे सांगता आलं नसतं. एका शब्दात पगार पक्का, निवृत्तिवेतन पक्कं, गावाचं तोंड बंद. मी तोंड उघडलं.

"मला भाऊ आहे," मी म्हणाले. "पठाणकोटला असतो."

"अहो, मानलेला म्हणतोय आम्ही."

"मी मानत नाही."

"मग काय मानता?" वकिलांनी विचारलं.

प्रश्न त्यांनी कोर्टातल्यासारखा टाकला, पटकन, साक्षीदार गडबडावा म्हणून. वाळिंबे बाईंनी माझा हात सोडला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आणि माहीत असतं तरी ते या टेबलावर आणून ठेवलं नसतं. वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसात टायपिंगला एक बाई येतात. दार लावून काम चालतं, कारण अशिलांची गुपितं असतात. त्यांच्याकडून राखी बांधून घेतलीत का हो तुम्ही?"

वकिलांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "हा उद्धटपणा आहे!"

"प्रश्न आहे. तुम्ही विचारलात, मी विचारला."

दादासाहेब उठले. "बाई, मग ठराव पुढं ढकलावा लागेल."

"ढकला."

"विचार करा. पुढचा जून येईलच असं नाही."

"विचार करूनच बोलले."

बाहेर आले. शाळेच्या हौदावर जाऊन मी तोंडावर पाणी मारलं. मला वाटत होतं, मी तत्त्वासाठी बोलले. बाईला जे विचारतात ते पुरुषाला विचारत नाहीत, म्हणून बोलले. ते खरंही होतं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तेच भाषण चार वेळा केलं, दर वेळी थोडं अधिक चांगलं.

माझ्या आधी बातमी सोनाक्कापर्यंत पोचली होती.

"म्हनून टाकायचं की," ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. "शब्दच हाय. शब्दानं कुणाचं काय झिजतंय?"

"तुम्ही पण, आक्का?"

"माझं काय. मी म्हनलं, तुमचं बरं व्हावं."

ऊन कलल्यावर तोडकर आले. एरवीसारखे परसातून नाही, पुढच्या दारानं. सोनाक्का उंबऱ्यातून उठली नाही. सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, ना आत, ना बाहेर. तोडकर तिला ओलांडून सोप्यात आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"मला कळलं शाळेत काय झालं," ते म्हणाले. "बाई, म्हणून टाका."

मला एकदम इतका राग आला की मी उभीच राहिले.

"तुम्ही पण?"

"नोकरीचा प्रश्न आहे. इतकी वर्षं थांबलात. एका शब्दासाठी..."

"तुम्हाला चालेल?"

"मला चालण्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. राखी तुमच्या हाताला बांधायची आहे. तुम्हाला विचारलं असतं, या बाईला बहीण म्हणा, तर तुम्ही म्हणाला असता?"

तोडकरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. चष्मा काढला की त्यांचे डोळे फार लहान, फार उघडे दिसायचे. काच पुसून झाली, दुसरी पुसायला घेतली.

"त्यास्नी इचारलंय की," सोनाक्का उंबऱ्यातून म्हणाली.

"आक्का!" तोडकर ओरडले.

"परवा दिशी चेअरमन पोस्टात गेलं हुतं. माझा भाचा तितं तिकिटं घेत हुता, त्यानं ऐकलं. चेअरमन म्हनलं, मास्तर, बाईला भन म्हना, आमी चारचौघांत सांगतो, मिटलं. तर हे म्हनलं, न्हाई."

मी तोडकरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"नुसतंच नाही म्हणालात?"

"नाही."

"मग काय म्हणालात?"

"म्हणालो, मला बहीण आहे. सोलापूरला दिलीय."

मला हसू फुटलं. मी खुर्चीत बसले आणि हसतच राहिले. त्यांना कळेना काय झालं. मी त्यांना माझं पठाणकोट सांगितलं, तेव्हा तेही हसायला लागले. सोनाक्का दोघांकडे बघत म्हणाली, "याड लागलं." आणि मग, हसू ओसरता ओसरता, माझ्या लक्षात आलं की मी सकाळी खोलीत तत्त्वाचं जे काही बोलले ते सगळं नंतरचं होतं. तोंडातून आधी निघालं होतं ते पठाणकोट. ते तत्त्व नव्हतं. त्यांचं सोलापूरही तत्त्व नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

सोनाक्का पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

"मग मला का सांगत होतात, म्हणून टाका म्हणून?" मी विचारलं.

"नोकरी तुमची जाते. माझं काय, सरकारी. फार तर बदली करतील."

"आणि मुलगी? तिच्या सासरी कळलं तर?"

"कळवलंय मीच. पोस्टकार्ड टाकलं."

"पोस्टकार्ड? उघडं?"

"मुद्दामच. लिफाफ्यात घातलं की लोक अंदाज करतात. लिहिलं की इथं देशमाने बाईंबरोबर मी किडे बघायला जातो, गावात चर्चा आहे, तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव."

"उत्तर आलं?"

"आलं. सासूबाई विचारतात, त्यांच्या पेरूला कसलीशी अळी लागलीय, ती काय असेल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा हात धरावासा वाटला, टिटवीची अंडी दाखवायची नसतानाही. धरला नाही. सोनाक्का होती.

"उद्या सोमवार," मी म्हणाले. "बाजार."

"मग?"

"मागच्या बोळातून नाही जायचं. बाजारातून जाऊ. दोघं. आणि सकाळी नाही, बाजार भरल्यावर."

"भर उन्हात एक पाखरू दिसणार नाही, बाई."

"माहीत आहे."

तोडकरांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पोस्ट दुपारी तासभर बंद असतं," ते म्हणाले. "मी दारात येतो."

"आन मी काय सांगू लोकास्नी?" सोनाक्कानं विचारलं. "इचारत्यात मला."

"सांगा, पाखरं बघतात."

"ह्या उनात?"

"मग सांगा, किडे."

सोमवारी ते आले तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी निळी सुती साडी नेसले होते, तीच माझी माळावर जायची साडी, फक्त धुतलेली. दुर्बीण गळ्यात. सोनाक्कानं दारातून बघितलं आणि काही न बोलता आत जाऊन माझ्यासाठी पाण्याची बाटली भरून आणली.

आमच्या गावचा बाजार वेशीपासून एसटी स्टँडपर्यंत भरायचा. आम्ही मधोमध चाललो. एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, पण शेजारी शेजारी, मागेपुढे नाही. सुरुवातीला कुणाचं लक्ष गेलं नाही. मग जायला लागलं. बोलणं आमच्या पुढे थांबायचं आणि मागे सुरू व्हायचं. दहावीतल्या एका मुलीच्या आईनं मला बघून पोरीला पदराआड ओढलं, आणि पोरगी पदराच्या वरून मान काढून म्हणाली, "नमस्ते बाई!" मी म्हणाले, "नमस्ते. सुट्टीतला अभ्यास झाला का?" प्रल्हाद निकम रसवंतीपाशी टोळकं करून उभा होता. त्यानं शीळ घातली. तोडकर थांबले, त्याच्याकडे वळले.

"ही कोकिळेची नव्हे," ते म्हणाले. "कोकिळेची अशी नसते. बाई, तुम्ही करून दाखवता का?"

"मला येत नाही," मी म्हणाले. "पण हीही नीट जमलेली नाही."

टोळक्यातलेच दोघं हसले. प्रल्हादनं उसाच्या रसात तोंड घातलं.

दादासाहेबांचं दुकान चौकात. ते गादीवर बसले होते, पुढ्यात गिऱ्हाईक, लुगडी पसरलेली. आम्हाला बघून त्यांच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"कुठं निघालात, बाई?" त्यांना विचारावंच लागलं. सगळा चौक बघत होता.

"पाखरं बघायला," मी मोठ्यानं म्हणाले. "पोस्टमास्तरांबरोबर. येताय का?"

दादासाहेब काही बोलायच्या आत दुकानासमोर कांदे घेऊन बसलेल्या म्हातारीनं माझा पदर ओढला. "ए बाई, ते गळ्यात काय? त्यातनं पाखरं दिसत्यात व्हय? बघू."

मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. तिनं ती गरागरा फिरवली आणि दुकानाकडे थांबवली.

"अगं बया!" ती किंचाळली. "दादासाहेबाच्या नाकातलं क्यास दिसत्यात!"

चौक हसला. खरंच सांगते, सगळा चौक. लुगडी बघायला आलेल्या बायका हसल्या, हमाल हसले, आणि दादासाहेबांनी नकळत नाकावर हात ठेवला, तेव्हा तर फारच. मग शेजारच्या मिरच्यावालीला बघायचं होतं, तिच्यानंतर एका मेंढपाळाला. त्यानं माळाकडे रोखून बघितलं आणि माझं मेंढरू कुणी नेलं नाही ना, एवढं बघून समाधानानं परत दिली. आम्ही वेशीबाहेर पडलो, तेव्हा आमच्यामागे कुणी शीळ घातली नाही. चांगलंही कुणी काही म्हटलं नाही. आमची वाट मात्र कुणी अडवली नाही.

त्या जूनला मी कायम झाले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पण विज्ञान शिकवायला त्या दुष्काळी गावात दुसरं कुणी येईना, म्हणून काढताही आलं नाही. शेवटी गोसावी वकिलांच्याच मुलीला दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळाले, त्या वर्षी ठराव झाला. तोडकरांची बदली झाली, आटपाडीला. ते दर रविवारी पहिल्या एसटीनं यायचे. मी स्टँडवर जायची, सगळ्यांसमोर.

पण त्या सोमवारी आम्ही माळावर पोचलो, तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. लिंबाखाली बसलो. मी दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. त्यांनी भिंग खिशातून काढलंच नाही. इतके दिवस तासन्‌तास शेजारी बसलो होतो आणि कधी अवघडलो नव्हतो. त्या दिवशी अवघडलो. मी पाणी प्यायले, बाटली त्यांच्याकडे दिली. ते प्यायले.

"एक आहे," शेवटी तोडकर म्हणाले. "आता गाव दुसरं सुरू करेल. म्हणेल, मग लग्न तरी करा."

"म्हणेल."

"वाळिंबे बाई सगळ्यांत आधी येतील. हात हातात घेऊन."

"येऊ देत."

"मग?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते. बोटानं मातीत रेघ ओढत होते. "तुमचं काय म्हणणं?"

"त्यांनी सांगितलं म्हणून भाऊ केला नाही," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं म्हणून नवराही करायचा नाही."

"आणि सांगायचे थांबले की?"

"थांबले की विचारा."

गावाला थांबायला बरीच वर्षं लागली. ज्या रविवारी एसटीतून उतरताना त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, त्याच रविवारी स्टँडवर त्यांनी मला विचारलं.